अंकांचे गट आणि संख्यावाचक शब्द : संगणकीय लेखनातील एका संकेताचा इतिहास

मोठी संख्या लिहिताना अंकांमध्ये स्वल्पविराम घालण्याची रीत केवळ मुद्रणाची सोय मानली जाते. वस्तुतः हा स्वल्पविराम भाषेतील संख्यावाचक शब्दांची सीमा दाखवितो. १,२३,४५,६७८ ही संख्या 'एक कोटी तेवीस लक्ष पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर' अशी वाचली जाते. तीत जेथे जेथे स्वल्पविराम आहे, तेथे तेथे उच्चारात कोटी, लक्ष व हजार हे शब्द येतात. तीच संख्या १२,३४५,६७८ अशी लिहिली म्हणजे तिचे मूल्य बदलत नाही. परंतु तिचे विराम मराठी वाचनाशी जुळत नाहीत. संगणकाच्या भाषांमध्ये ह्या संकेताला कोणते स्थान मिळाले, हे पाहणे म्हणूनच भाषाभ्यासाच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे.

प्राचीन भारतीय गणितात दशगुणोत्तर स्थानांना स्वतंत्र नावे होती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. त्या गणनेत सहस्रानंतर अयुत, लक्षानंतर प्रयुत व कोटीनंतर अर्बुद येते. पुढे बोलव्यवहारात अयुत, प्रयुत व अर्बुद ही नावे मागे पडली. त्यांच्या जागी दहा हजार, दहा लाख व दहा कोटी असे जोडप्रयोग रूढ झाले. सहस्राऐवजी 'हजार' हा फारसी शब्द आला, तरी स्थान तेच राहिले. परिणामी हजारापासून पुढे एकाआड एक स्थानालाच स्वतंत्र नाव उरले. ३, २, २ अशी गटरचना ह्या भाषिक स्थितीशी नेमकी जुळते. शिवाय मराठीत नव्व्याण्णवपर्यंतच्या प्रत्येक संख्येला एकच शब्द असल्यामुळे दोन अंकांचा गट एका शब्दात वाचता येतो.

पाश्चात्त्य भाषांत सहस्राच्या पटींना नावे असल्यामुळे तेथे तीन-तीन अंकांचे गट पडले. १९४८ च्या वजन-मापविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने तीनांचे गट पाडण्यास मान्यता दिली. मात्र गटांमध्ये बिंदू वा स्वल्पविराम न घालता मोकळी जागा ठेवावी, असे सांगितले. २००३ मध्ये ह्याच भूमिकेचा पुनरुच्चार झाला.

संगणकाच्या क्षेत्रात मात्र गटांचे वैविध्य लवकरच ध्यानात घेतले गेले होते. १९८९ च्या 'सी' भाषेच्या अमेरिकी प्रमाणकात स्थानिक संकेतांची जी रचना आहे, तीत गटाचे चिन्ह आणि गटांची लांबी ह्या दोन गोष्टी पृथक् ठेवल्या आहेत. 'प्रथम तीन, नंतर दोन, व तेच पुढे' असे तीत सांगता येते. साधन होते; पण ते नित्याच्या वापरात उतरणे सोपे नव्हते. १९८७ मध्ये लॅरी वॉल ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या पर्ल भाषेत स्वल्पविराम घालण्याची अंगभूत सोय नव्हती. शेवटच्या टोकाकडून तीन-तीन अंक तोडीत जाणारे एक छोटे सूत्र त्या भाषेच्या प्रश्नोत्तर-संग्रहात दिलेले असे, व तेच हातोहात पसरले. अर्थात त्या सूत्रात 'तीन' हा आकडा गृहीत होता.

पायथन भाषेत ह्या प्रश्नाला २००९ मध्ये उत्तर मिळाले. रेमंड हेटिंगर ह्यांच्या ३७८ क्रमांकाच्या प्रस्तावानुसार आकृतिबंधात एक स्वल्पविराम लिहिला की संख्या गट पाडून छापली जाऊ लागली. स्थानिक संकेतांची जुनी यंत्रणा सामान्य वापरकर्त्याला क्लिष्ट वाटते, हे त्या प्रस्तावामागील एक कारण होते. सोय सुलभ झाली, परंतु तिने तीनांचाच गट कायम केला. पुढे २०१६ च्या ३.६ ह्या आवृत्तीत आज्ञावलीतील संख्यांमध्ये अधोरेषा घालण्याची मुभा मिळाली. तिला गटाच्या लांबीचे बंधन नाही. त्यामुळे १_२३_४५_६७८ ह्या धर्तीवर संख्या यंत्राला देता येते. मात्र स्वल्पविरामाच्या सोयीने तीच छापली असता तीनांच्या गटांत बाहेर येते. लिहिणाऱ्याला जे स्वातंत्र्य मिळाले, ते वाचणाऱ्याला मिळाले नाही.

जावास्क्रिप्टने वेगळा मार्ग धरला. २०१२ च्या आंतरराष्ट्रीयीकरण-प्रमाणकानंतर तेथे भाषा व प्रदेश ह्यांचे नाव सांगितले की गटरचना त्यावरून ठरते. भारतीय इंग्रजीसाठी लक्ष-कोटीचे गट पडतात, आणि मराठीसाठी त्यांबरोबर देवनागरी अंकही मिळतात.

ह्या दोन मार्गांतील भेद तात्त्विक आहे. एकात स्वल्पविराम हा संख्येचा गुण मानला आहे. दुसऱ्यात तो वाचकाच्या भाषेचा गुण मानला आहे. पावतीवरील वा अंदाजपत्रकातील रक्कम तीनांच्या गटांत आली, तर मराठी वाचकाला अंक शेवटापासून पुन्हा मोजावे लागतात, आणि लक्ष व दशलक्ष ह्यांत गफलत होण्याचा संभव तेथेच उत्पन्न होतो. संख्येचे मूल्य सर्वांना समान असले, तरी तिचे वाचन प्रत्येक भाषेचे स्वतःचे असते. हा विवेक ज्या आज्ञावलीत पाळला जातो, तीच वाचकाच्या खऱ्या उपयोगाची ठरते.