अजून न घडलेल्या लढाईची बखर

चिंचवडास पवनेच्या काठी मोरया गोसावी यांचे समाधिमंदिर आहे. मंदिराच्या बांधकामाचा काळ तेथील शिलालेखावरून शके १५८०, म्हणजे इ.स. १६५८-५९, असा ठरतो. परंतु ज्यांची ती समाधी, त्या सत्पुरुषाचा काळ मात्र विद्वानांना एकमताने ठरविता आलेला नाही. कोणी समाधीचे वर्ष इ.स. १५६१ धरतात, तर कोणी त्यांना सतराव्या शतकात आणून बसवितात. भाविकांचे यावाचून काहीच अडत नाही. अडते ते इतिहास लिहिणाऱ्याचे.

होऊन गेलेल्या गोष्टींविषयी असा तंटा पडावा यात नवल नाही. नवल हे की, इ.स. २५५२ मध्ये व्हावयाच्या एका लढाईवरूनही २०१० साली असाच तंटा पडला. ती लढाई ‘रीच’ नावाच्या ग्रहावरील. हा ग्रह कोणत्याही पंचांगात सापडावयाचा नाही. त्याची वस्ती ‘हेलो’ या व्हिडिओ गेममध्ये व त्या खेळासाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांत आहे.

खेळ आणि कथा यांचे नाते आपल्याकडे जुनेच आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस पाने असतात. मत्स्य, कूर्म, वराह यांच्या कथा आधी घरोघर सांगितल्या गेल्या; पानांवर त्यांची चित्रे मागाहून आली. पाश्चात्यांच्या या नव्या प्रकारात क्रम उलटा झाला. खेळ आधी रचला गेला व त्यातील जगाला पूर्वेतिहास हवा म्हणून कादंबरी लिहविण्यात आली.

हेलो हा खेळ अमेरिकेतील बंजी या मंडळीने रचला. इ.स. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ही संस्था विकत घेतली आणि १५ नोव्हेंबर २००१ रोजी खेळ बाजारात आला. त्याच्या सोळा दिवस आधी, ३० ऑक्टोबरला, एरिक नायलंड यांची ‘द फॉल ऑफ रीच’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. नायलंड हे रसायनशास्त्र शिकलेले गृहस्थ. त्यांच्या हाती खेळातील जगाची टिपणे देण्यात आली आणि मुदत मिळाली ती अवघ्या सात आठवड्यांची! असल्या घाईत, आणि तेही मालाच्या विक्रीला हातभार म्हणून लिहिलेले पुस्तक कोणी दुसऱ्यांदा उघडू नये, अशीच अपेक्षा करावी. परंतु तसे झाले नाही.

खेळातील नायक चिलखतात बंद असलेला एक सैनिक आहे. त्या पहिल्या खेळात त्याचे नाव कळत नाही, मुख दिसत नाही; खेळणाऱ्याने त्याच्या हातांनी परग्रहावरील शत्रू मारावयाचे, एवढेच. नायलंड यांनी त्याला जॉन हे नाव दिले, आणि त्याबरोबर एक बालपण दिले. जॉन सहा वर्षांचा असताना डॉ. हॅल्सी नावाच्या विदुषी त्याच्या शाळेत येतात व एक नाणे उडवितात. कोणती बाजू वर येणार हे तो बिनचूक सांगतो. पुढे त्याला घरून पळवून नेण्यात येते. अशी एकूण पंचाहत्तर मुले. आईबापांना संशय येऊ नये म्हणून प्रत्येकाच्या जागी त्याची कृत्रिम प्रतिकृती ठेवण्यात येते. ती थोड्याच काळात आजारी पडून मरते, आणि आईबाप आपलेच मूल गेले म्हणून शोक करतात. चौदाव्या वर्षी या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. तीस दगावतात, बारा पंगू होतात, तेहेतीस उरतात.

यातील खरी मेख पुढेच आहे. ही मुले परग्रहवासीयांशी लढण्यासाठी तयार केलेली नव्हती. तेव्हा त्या शत्रूची वार्ताही नव्हती. ती तयार झाली मनुष्यांचेच बंड मोडण्यासाठी. खेळात ज्याचा जयजयकार होतो तो वीर मुळात चोरून आणलेले मूल आहे, ही गोष्ट विक्रीसाठी लिहिलेल्या पुस्तकाने सांगावी आणि मालकांनी ती छापू द्यावी, हे त्या पुस्तकाचे मोठेच धैर्य म्हटले पाहिजे.

वाचकांनी हे सारे प्रमाण मानले. मग २०१० च्या सप्टेंबरात बंजीनेच ‘हेलो: रीच’ हा खेळ काढला. कादंबरीत शत्रूचे आरमार ३० ऑगस्ट २५५२ रोजी अकस्मात येते व ग्रह काही तासांत पडतो. खेळात मात्र शत्रू जुलैच्या २४ तारखेपासूनच ग्रहावर असून लढाई महिनाभर चालते. ज्या जहाजातून नायक निसटतो, ते कादंबरीत अंतराळात आहे. खेळात ते जमिनीवर, गोदीत उभे आहे. पुस्तकाची पारायणे केलेल्यांना हा आपला विश्वासघात वाटला, आणि ते वाटणे सर्वस्वी अनाठायी नव्हते.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत अस्सल पत्रांच्या आधारे बखरींतील चुका दाखविल्या. बखर एक म्हणते, पत्र दुसरे म्हणते. तेथे पत्राचा शब्द अखेरचा, कारण ते त्या दिवशी लिहिलेले. रीचच्या बाबतीत असे पत्र आणावयाचे कोठून? ज्याची मालकी त्याचा शब्द अखेरचा. मालकांनी पत्रही निर्माण केले! खेळाच्या विशेष आवृत्तीबरोबर डॉ. हॅल्सी यांची म्हणून एक रोजनिशी देण्यात आली व तिच्या योगे दोन्ही हकिकतींचा मेळ घालण्याचा यत्न झाला. राजवाड्यांपुढे असा कागद आला असता, तर त्यांनी आधी शाई आणि वळण तपासले असते.

कादंबरीचीही त्याच वर्षी सुधारलेली आवृत्ती निघाली. तीत काही चुका दुरुस्त झाल्या, काही मजकूर नवा आला. २००१ ची प्रत ज्यांच्या कपाटात आहे, त्यांच्या घरी रीच अद्याप एकाच दिवसात पडते.