पाऊण तासाचा दाणा

वाइल्ड राइसचं पाकीट उघडलं की काळेभोर, सुईसारखे लांब दाणे निघतात. वाटीभर दाण्यांना तीन वाट्या पाणी, मीठ, पाऊण तास मंद आच. दाणा फुटून आतला पांढरा भाग दिसला की वरून लोण्यात परतलेला कांदा नि अळंबी. अमेरिकेत टर्कीशेजारी वाढला जाणारा हा पदार्थ एवढा साधा आहे. त्यातला पाऊण तास मात्र साधा नाही. मिनेसोटातल्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी तळ्यातून काढून हाताने भाजलेला याच जातीचा दाणा वीसेक मिनिटांत शिजतो. हा फरक निसर्गाने नव्हे, तर गेल्या पाऊणशे वर्षांत शेतीने आणि कारखान्याने पाडला आहे. म्हणूनच बहुतेक पाकिटांवरचं ‘वाइल्ड’ हे विशेषण खोटं ठरतं.

ओजिब्वे याला मनूमिन म्हणतात. हा आपला तांदूळ नव्हे, त्याचा पाण्यात वाढणारा दूरचा भाऊबंद. ऑगस्टअखेरीस दोघं जण होडी घेऊन तळ्यात शिरतात. एक जण लांब काठीने होडी रेटतो. दुसरा एका दांडक्याने लोंब्या होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या दांडक्याने हलकेच झोडतो. पिकलेले तेवढेच दाणे गळतात. कच्चे लोंबीवर राहतात, म्हणून काही दिवसांनी होडी पुन्हा येते. पाण्यात पडलेले पुढच्या हंगामाचं बी होतात. मग कढईत भाजणं, खड्ड्यात मऊ चामडी जोडे घालून तुडवणं, बर्चच्या सालीच्या सुपात पाखडणं. तुडवताना तूस निघतं आणि दाण्याची वरची सालही खरवडली जाते, त्यामुळे पाणी लवकर आत शिरतं. वीस मिनिटांचं गुपित एवढंच. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1837 च्या तहात जमीन सोडतानाही ओजिब्वेंनी शिकार आणि मासेमारीबरोबर हे धान्य गोळा करण्याचा हक्क लिहून घेतला. 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या तहातले हक्क अबाधित असल्याचा निर्वाळा दिला.

1950 मध्ये मिनेसोटात बांध घातलेल्या खाचरात याची शेती सुरू झाली. पुढे दाणे न गळणारे वाण निवडले गेले, कारण यंत्राला सगळं पीक एकदम उभं हवं. कापलेला ओला माल ढिगात मुरवला की काळा होतो आणि त्याची कडक साल शाबूत राहते. 1980 च्या दशकात तर जिथे मनूमिन मुळात उगवतच नव्हतं, तो कॅलिफोर्निया उत्पादनात मिनेसोटाच्या पुढे गेला.

कुणी म्हणेल, शेतीमुळेच तर हा दाणा सामान्यांच्या स्वयंपाकघरात आला. खरं आहे, स्वस्ताई खोटी नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ओजिब्वेही तळ्यांत बी टाकत, मग त्यांचं तरी रानातलं कसं? पण बी टाकणं वेगळं आणि वनस्पतीचा गळण्याचा स्वभावच काढून घेणं वेगळं. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं अन्न वर्ज्य असतं. त्या कसोटीला मनूमिन उतरतं, आणि त्याचा हंगामही नेमका तेव्हाचाच.

मिनेसोटात खाचरात पिकवलेल्या मालाच्या पाकिटावर तसं छापणं कायद्याने सक्तीचं आहे. तेव्हा आधी पाकीट वाचा. ‘तळ्यातलं, हाताने काढलेलं’ असं असेल, तर झाकण पंधराव्या मिनिटालाच उघडून बघा.