एक इंजिन, दोन जुनी विमाने

वाचकहो, जपानमध्ये गाडी बाळगणाऱ्याला 'शाकेन' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नवी गाडी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी तपासणीला न्यायची. गाडी बारा-तेरा वर्षांची झाली की घरोघरी तोच वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, "चालतेय ना, मग काढायची कशाला?" दुसरा म्हणतो, "चालतेय, पण किती दिवस आणि किती खर्चात?"

भारत आणि जपान या आपल्या दोन्ही देशांच्या हवाई दलांपुढे हाच वाद आला, आणि तोही एकाच जातीच्या इंजिनावर उडणाऱ्या विमानांबाबत. दोघांची उत्तरे मात्र वेगळी निघाली. ती का, हे पाहण्यासारखे आहे.

इंजिनाचे नाव अडूर. हे फ्रान्समधल्या एका नदीचे नाव. ब्रिटनची रोल्स-रॉइस आणि फ्रान्सची टर्बोमेका यांनी ते मिळून बनवले, ते जग्वार या विमानासाठी. शत्रूच्या प्रदेशात खालून, वेगाने शिरून जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करणे हे जग्वारचे काम. त्याचे पहिले उड्डाण १९६८ मध्ये झाले. हेच इंजिन परवाना घेऊन जपानमध्ये बनवले ते इशिकावाजिमा-हारिमा या कंपनीने, म्हणजे आजच्या आयएचआयने. ग्योतोकुहून कामासाठी तोयोसुला जाणाऱ्यांनी तिच्या मुख्यालयाची इमारत अनेकदा पाहिली असेल.

जपानी अडूर दोन विमानांना बसले: मित्सुबिशीच्या टी-२ या प्रशिक्षण विमानाला आणि त्यावरून घडवलेल्या एफ-१ ला. एफ-१ १९७७ पासून सेवेत आले. एकूण ७७ बनली. त्याला हल्ल्याचे विमान म्हणत नसत. युद्धोत्तर राज्यघटनेमुळे इथले सैन्य 'स्वसंरक्षण दल', म्हणून हे 'शिएन सेन्तोकी', म्हणजे साहाय्यक लढाऊ विमान. काम मात्र स्पष्ट होते: समुद्रमार्गे चाल करून येणारी जहाजे किनाऱ्यापासून दूरच बुडवायची. त्यासाठी जहाजभेदी क्षेपणास्त्रही जपाननेच बनवले.

मार्च २००६ मध्ये फुकुओका प्रांतातल्या त्सुइकी तळावरून एफ-१ निवृत्त झाले. किनारा तोच होता आणि त्याचे रक्षण करण्याची गरजही तीच होती. पण ते काम उचलणारे एफ-२ हे विमान २००० पासून हाती येऊ लागले होते. हा रस्ताही गुळगुळीत नव्हता, हे सांगायला हवे. एफ-२ च्या चाचण्यांत पंखांना तडे आढळले, खर्च वाढला, उशीर झाला. दरम्यान मिसावातल्या एका स्क्वाड्रनला एफ-१ च्या जागी त्याच्याहून जुन्या घडणीची फँटम विमाने देऊन वेळ निभावून न्यावी लागली. तरीही क्रम लक्षात घ्या: आधी वारस तयार केला, मग म्हाताऱ्याला निरोप दिला.

आता भारताकडे वळू. जुलै १९७९ मध्ये पहिली जग्वार अंबाल्याला उतरली. हवाई दलाने त्यांचे नाव ठेवले 'शमशेर'. पुढची बहुतेक बंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनली. दोन इंजिने, मजबूत चाके, जमिनीलगत उडतानाही स्थिर राहणारे अंग, हे त्याचे गुण. भारतीय तंत्रज्ञांनी त्याची दिशादर्शन आणि नेमबाजीची यंत्रणा तीनदा नव्याने घडवली. 'डॅरिन' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सुधारणांपैकी तिसरीत आधुनिक रडारही आले. जामनगरच्या जग्वारांकडे जहाजांवर मारा करण्याचे काम आहे, म्हणजे एफ-१ चेच काम. तेव्हा जग्वार निरुपयोगी झाले, असे म्हणणारा मनुष्य चुकतो आहे.

पण वहीची दुसरी बाजूही वाचू. फ्रान्सने जग्वार २००५ मध्ये काढली, ब्रिटनने २००७ मध्ये, ओमानने २०१४ मध्ये. आता ती उडवणारा भारत हा एकटाच देश. सुट्या भागांसाठी फ्रान्सने निवृत्त केलेल्या विमानांचे सांगाडे आणावे लागले. भारतातल्या उन्हाळ्यात पूर्ण भार घेऊन उडताना अडूरची ताकद कमी पडते, म्हणून नवे इंजिन बसवण्याची योजना आखली गेली. खर्च परवडेना म्हणून २०१९ मध्ये ती सोडून द्यावी लागली. २०२५ मध्ये तीन जग्वार कोसळली: मार्चमध्ये हरियाणात, एप्रिलमध्ये जामनगरजवळ, जुलैमध्ये राजस्थानात. त्यांत तीन वैमानिक गेले. प्रत्येक अपघाताचे खापर वयावर फोडणे योग्य नव्हे. पण विमान जितके जुने, तितका देखभालीत चुकीला वाव कमी, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल.

नाशिककडच्या वाचकांना ही कथा वेगळ्या तऱ्हेने ठाऊक आहे. ओझरच्या कारखान्यात १६५ मिग-२७ बनली. जमिनीवर मारा करणारी ही 'बहादूर' विमाने कारगिलमध्ये लढली. इंजिनाची दुखणी त्यांना शेवटपर्यंत सुटली नाहीत, आणि २७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरला त्यांनी अखेरची सलामी घेतली. ओझरलाच बनलेल्या मिग-२१ चा निरोप सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. पुढच्याच महिन्यात त्याच ओझरहून पहिले तेजस मार्क-१ए उडाले. या तेजसची मागणी २०२१ मध्ये नोंदवली होती आणि २०२४ मध्ये पहिले विमान मिळायला हवे होते. अमेरिकेतून येणारी इंजिने लांबली आणि इतरही कारणे घडली, तारीख उलटून गेली. वारसाला असा उशीर झाला की त्याचा भार जग्वारच्या पाठीवर येतो.

'अजून उपयोगी आहे' या तीन शब्दांत तीन निरनिराळी विधाने लपलेली असतात. पहिले, हे काम याच्याइतके चांगले दुसरे कोणी करत नाही. अमेरिकेच्या ए-१० विमानाबद्दल असे म्हणतात. तिथल्या हवाई दलाला ते कधीपासून काढायचे होते, पण खाली लढणाऱ्या सैनिकांना त्याचा भरवसा वाटतो म्हणून काँग्रेसने वर्षानुवर्षे अडवले; कित्येकांना नवे पंखसुद्धा बसवले गेले. दुसरे विधान, नव्यापेक्षा हे स्वस्त पडते. आणि तिसरे, याच्या जागी ठेवायला काहीच नाही. पहिली दोन विधाने विमानाविषयी आहेत. तिसरे आपल्या नियोजनाविषयी आहे, आणि ते बहुधा पहिल्याचा मुखवटा घालून येते.

भारतीय जग्वारबाबत तिन्ही थोडी थोडी खरी आहेत. डॅरिनवाले जग्वार पहिल्या अर्थाने उपयोगी आहे आणि त्याचे श्रेय आपल्या तंत्रज्ञांना आहे. पण त्या कौतुकाच्या आड तिसरा अर्थ झाकला जाऊ नये. कारण पहिल्या दोन अर्थांची किंमत सरकार रुपयांत मोजते. तिसऱ्याची किंमत पंचविशी-तिशीतला वैमानिक मोजतो.

या भागात वाढलेल्या, मराठी थोडे अडखळत वाचणाऱ्या मुलामुलींना मुद्दाम सांगतो. एक देश शिस्तीचा आणि दुसरा ढिसाळ, असा सोपा धडा यातून काढू नका. जपानला भारताइतक्या लांब जमिनी सीमा राखायच्या नव्हत्या, आणि अमेरिकेचे छत्रही डोक्यावर होते. शिकायचे ते एवढेच: जुनी वस्तू टिकवणे ही कला आहे, तिचा अभिमान जरूर बाळगा. मात्र कोणी "अजून चालते" म्हणाले की विचारा, हिच्या जागी येणारे कुठे तयार होते आहे, आणि ते येईपर्यंतचा धोका कोण उचलतो आहे? उद्या तुमच्यातला कोणी तोयोसुत इंजिनांवर काम करेल, कोणी ओझरला. हा प्रश्न तुमच्या टेबलावर येणारच आहे.