नावाचा नेचा

आमच्या परभणी जिल्ह्यात देवगाव फाटा आहे. फाटा म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. जिथे गाव नसतं पण गावाचं नाव असतं, तो फाटा.

नावाची अशीच गंमत वनस्पतिशास्त्रातही आहे. 1828 साली ब्राँन्यार या फ्रेंच पंडिताने दगडातल्या एका पानाला ‘ग्लॉसोप्टेरिस’ म्हटलं. अर्थ, जिभेसारखा नेचा. आता पान जिभेसारखं होतं, हे कबूल. पण नेच्याला बी नसतं, आणि या बेट्याला होतं! 1952 साली दक्षिण आफ्रिकेतल्या एडना प्लमस्टेडबाईंनी त्याचे पुनरुत्पादनाचे अवयव पानालाच चिकटलेले दाखवले. म्हणजे सव्वाशे वर्षं हे खातं भलत्याच लेजरात! नोंद दुरुस्त झाली, नाव तेच राहिलं.

पान पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचं. चंद्रपूरकडचा कोळसा त्याच्याच रानांचा. आमच्या फाट्याखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचं पोर. नागपूर-कामठीकडे स्टीफन हिस्लॉप या पाद्रीसाहेबांनी असली पानं गोळा केली. धर्मप्रचाराला आलेला माणूस दगडांच्या नादी लागला. 1863 साली टाकळघाटची जुनी शिलावर्तुळं पाहून परतताना बिचारे पुरात बुडाले.

हेच पान आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेतही सापडतं. समुद्र ओलांडून बी गेलं कसं? तर मधे समुद्रच नव्हता! सगळं एकत्र कुटुंब होतं, वाटण्या मागाहून झाल्या. त्या खंडाला नाव मिळालं आपल्या गोंडांच्या मुलखावरून, गोंडवन.

या वाटणीचा एक सातबारा दक्षिण ध्रुवाकडे निघाला. 1912 साली ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती उपासमारीने, थंडीने तंबूत मेले. त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड होते. घसरगाडी स्वतः ओढायची, पायांत त्राण नाही, तरी दगड टाकले नाहीत. 1914 साली सीवर्ड यांनी त्यात ग्लॉसोप्टेरिस ओळखलं.

आम्ही एस.टी.त शेजाऱ्याची पिशवी मांडीवर घेताना कुरकुरतो. त्या माणसांनी दोन खंडांच्या भाऊबंदकीचा पुरावा मरेपर्यंत ओढला, आणि त्यावर लिहिलेलं नाव चुकीचं होतं. ओझं मात्र अगदी खरं होतं.