क्रमवारीची तपासणी (युनिट टेस्टमधील)

प्रोग्रामने एखादी यादी योग्य क्रमाने लावली आहे का, हे छोट्या स्वयंचलित चाचणीने पडताळणे. शेजारशेजारचे दोन-दोन घटक घेऊन आधीचा नंतरच्याहून मोठा नाही ना, एवढे पाहिले की क्रम कळतो. शंभर नावांना नव्याण्णव तुलना पुरतात. जावातील अ‍ॅसर्टजे, डॉटनेटमधील एनयुनिट अशा साधनांत त्यासाठी तयार विधाने आहेत. मात्र दहा नावांतली तीन गाळून उरलेली सात नीट लावणारा प्रोग्रामही या तपासणीतून सुटतो, आणि रिकामी यादी तर नेहमीच सुटते. म्हणून आत गेलेला प्रत्येक घटक, दुबार नावांसह, तितक्याच वेळा बाहेर आला का, हेही पाहावे लागते.

मराठी याद्यांत खरा प्रश्न क्रम कोणता, हा आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, त्यापुढे क्ष आणि ज्ञ. प्रत्येक अक्षराला संगणकीय क्रमांक देणाऱ्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतली. ते मानक अनेक भारतीय लिप्यांना एकच साचा देणारे असल्याने त्यात ळ ल च्या शेजारी बसला. युनिकोडमध्येही तसेच: ल ०९३२, ळ ०९३३, व ०९३५. परिणामी नुसत्या क्रमांकांवर विसंबलेला प्रोग्राम 'काळा' आधी आणि 'कावळा' नंतर लावतो, 'ज्ञानेश्वर' हे नाव ज मध्ये घुसवतो. चाचणीनेही तीच तुलना वापरली तर दोघे मिळून चुकतात आणि निकाल हिरवा, म्हणजे उत्तीर्ण, दिसतो. युनिकोडच्याच सीएलडीआर या भाषानियमांच्या संग्रहात मराठीसाठी ळ ह नंतर नेणारा नियम आहे. तो मुद्दाम निवडावा लागतो.

नमुना म्हणून घेतलेली नावेही फसवतात. रिठद आणि रिसोड ही जोडी घ्या. रिसोड तालुक्यातले रिठद हे गाव तालुक्याच्या नावाआधी येते, कारण ठ हा स च्या आधी आहे. याबाबत सगळ्या पद्धतींचे एकमत असल्याने ही जोडी कुठलीच चूक पकडत नाही. रिसोड ज्यात आहे त्या वाशिम जिल्ह्याचे सहा तालुके अधिक बोलके आहेत. त्यांतले म ने सुरू होणारे तीन युनिकोडच्या क्रमांकांनुसार मंगरूळपीर, मानोरा, मालेगाव असे लागतात, तर बाराखडीनुसार 'मं' शेवटाकडे जाऊन मानोरा, मालेगाव, मंगरूळपीर. यातले काय हवे, हे चाचणी लिहिणाऱ्याने आधी ठरवलेच पाहिजे. मंगरूळपीरमध्ये ळ असला तरी तो निर्णायक जागी नाही. त्याच्यासाठी 'गाव' आणि 'गाळ' यांसारखी जोडी घालावी लागते.

दिसायला सारखे शब्दही दगा देतात. 'वाऱ्या'मधला ऱ थेट टंकता येतो किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनी साधता येतो. डोळ्याला फरक कळत नाही, पण तुलनेत ते दोन वेगळे शब्द ठरतात.

रिठदसारख्या गावच्या सातबाऱ्यांची यादी लावताना गट क्रमांक मजकूर म्हणून साठवले, तर १० आणि १०० हे ९ च्या आधी येतात, ११२/१० हा ११२/२ च्या आधी. अशा यादीची चाचणी १ ते ९ एवढ्याच क्रमांकांवर घेणे व्यर्थ. अपेक्षित क्रम सातबारा रोज हाताळणाऱ्या माणसाकडून हाताने लिहून घ्यावा आणि निकाल त्याच्याशी ओळीने ताडावा. कोडमधलीच तुलना चाचणीत पुन्हा वापरण्यापेक्षा हे केव्हाही बरे.