बालाघाटच्या चढावर वाफेचे गणित

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील येडशी आणि ढोकी ही 'बार्शी लाइट रेल्वे'ची स्थानके. ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याची ही अडीच फुटी नॅरोगेज १८९७ मध्ये बार्शीला, तर १९११ मध्ये लातूरला पोहोचली. या भागात २००८ पर्यंत तिची जागा ब्रॉडगेजने घेतली. बार्शीहून येडशीकडे येताना बालाघाटचा चढ लागे आणि तेथे वाफेच्या इंजिनाची खरी परीक्षा होई.

रूळ हलके असल्याने कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार टाकायचा नाही, असा कॅलथ्रॉपचा दंडक होता. लीड्सच्या किटसन कंपनीने घडविलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चालक चाके, म्हणजे चार चालक आस होते. रुळावर पकड देणारा भार त्यामुळे फार तर वीस टन. कोरड्या रुळावर साधारणपणे त्याच्या चौथ्या हिश्शाइतकीच, म्हणजे पाच टनांच्या आसपास ओढ मिळते. सिलिंडरमध्ये याहून अधिक जोर निर्माण झाला तर चाके जागीच गरगरतात. दाब वाढविला की इंजिन बलवान झाले, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

दाबाइतकेच महत्त्व असते ते वाफ सिलिंडरमध्ये केव्हा येते आणि केव्हा थांबते याला. हे काम झडपेचे. तिची वेळ चालक लिव्हरने बदलतो. गाडी हलविताना किंवा चढावर दट्ट्याची सुमारे पाऊण धाव होईपर्यंत वाफ आत येऊ दिली जाते. सपाटीवर मात्र पाव धावेलाच झडप मिटते आणि कोंडलेली वाफ प्रसरण पावत दट्ट्याला पुढे ढकलत राहते. कागदावरचा हिशेब बोलका आहे. धावभर वाफ दिली असता जेवढे काम होते, त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास काम केवळ चौथाई वाफेत होते! प्रत्यक्षात लाभ याहून कमीच. कारण सिलिंडरच्या तुलनेने थंड भिंतींवर काही वाफेचे पाणी होते. झडप फारच लवकर मिटली तर हा तोटा वाढत जातो.

वापरलेली वाफ बाहेर सोडण्याची वेळही अचूक हवी. ती उशिरा सुटली तर परतणाऱ्या दट्ट्याला तिचाच अडथळा होतो. हीच वाफ धुराड्यातून उसळताना भट्टीत हवा खेचून आग फुलवते. चढावर वाफ जास्त वेळ दिल्याने आग भडकते खरी, पण कोळसा आणि पाणी झपाट्याने संपते. बॉयलरला तेवढी वाफ पुरविता आली नाही, तर दाब उतरू लागतो आणि गाडी घाटातच अडकते.