युरियाच्या दिव्याचं कूळ

तिवशाहून संत्रा भरून कळमन्याला निघालेल्या पिकअपमध्ये डीईएफचा, म्हणजे युरियाच्या द्रावणाचा, दिवा लागला, की ड्रायव्हर आधी इंजिनाचा आवाज ऐकतो. आवाज ठणठणीत, ऑइल बरोबर, पाणी बरोबर. “मंग काऊन लागला बाप्पा?”

कारण हा दिवा इंजिनासाठी नाहीच. ऑइलचा दिवा इंजिन वाचवतो, हा हवा वाचवतो. आणि ड्रायव्हरवर भरवसा नसल्यामुळे तो जन्माला आला.

त्याचं कूळ मात्र जुनं आहे. १७७३ मध्ये फ्रान्सच्या रुएलने मूत्रातून युरिया वेगळा काढला, १८२८ मध्ये जर्मनीच्या व्होलरने तो प्रयोगशाळेत बनवला. अमोनियाने धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोडण्याची युक्ती त्यानंतर खूप उशिरा आली: अमेरिकेत १९५७ चं पेटंट, मग १९७० च्या दशकात जपानी वीज केंद्रांच्या चिमण्या. पण विषारी अमोनिया रस्त्यावरून कोण नेणार? म्हणून ट्रकात युरियाचं पाणी आलं. तापलेल्या धुरात फवारलं, की अमोनिया तिथल्या तिथे तयार होतो. निस्सान डिझेलचा क्वॉन ट्रक २००४ मध्ये हे घेऊन आला.

युरिया ३२.५ टक्के, बाकी शुद्ध पाणी. याच प्रमाणात द्रावण सर्वांत उशिरा, उणे ११ अंशांना गोठतं. वऱ्हाडात बर्फाची कसली चिंता! इथे वैरी ऊन. ३० अंशांत वर्षभर टिकणारं डीईएफ ३५ अंशांत सहाच महिने धरतं. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या कॅनचा हिशेब ज्याने त्याने करावा.

अडचण अशी, की डीईएफ नसलं तरी इंजिन मजेत चालतं. मालक ते कशाला भरेल? म्हणून युरोपने २००५ च्या नियमांत मोठ्या गाड्यांची ताकदच कापायची सोय केली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, बीएस-६ लागू झालं आणि काही पिकअपनाही ही टाकी आली.

मोह घरातच असतो: ४५ किलोची, २६६ रुपये ५० पैशांची सबसिडीची गोणी. पण शेतीच्या युरियात बाययुरेट ही अशुद्धी दीड टक्क्यापर्यंत चालते, डीईएफमध्ये ०.३ टक्क्यापर्यंतच. शिवाय त्यावर कडुलिंबाचं तेल. २०१५ मध्ये हा लेप सक्तीचा झाला, त्यामागे युरिया कारखान्यांत पळू नये हाही हेतू होता.

म्हणून दिवा लागला की स्कॅनरआधी टाकी बघावी. पातळी ठीक असेल, तर रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे धरायचा; रेघ ३२.५ च्या आसपास हवी. खाली असेल तर पाणी मिसळलंय. रेघ बरोबर आली म्हणजे माल शुद्धच, असं मात्र नाही. गोणीचं द्रावणही तिथवर पोचतं. मग नोझल काढून बघायचं: तोंडाशी पांढरे खडे धरले असतील तर फवारा बसत नाही. कनेक्टर, वायर त्यानंतर. महागडा नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सर बदलायची गोष्ट सर्वांत शेवटी. नुसता कोड पुसून भागत नाही. सायलेन्सरकडचा सेन्सर धूर मोजतच असतो, बिघाड कायम असला की दिवा पुन्हा लागतो.